भरतीची साक्ष ग्रहांच्या बाजूने नाही

“चंद्रामुळे समुद्राला भरती येते. माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी असते. मग ग्रहांचा माणसावर परिणाम होत नाही, असे कसे म्हणता?” हा प्रश्न व्यवसायाने ज्योतिषी असलेला माणूस सहसा विचारत नाही. त्याला त्याची गरजच नसते. त्याच्या पोथीत गुरुत्वाकर्षण नाही आणि तो ते तिथे शोधतही नाही. हा प्रश्न विचारतात शिकलेली माणसे. अभियंते, शिक्षक, बँकेतले अधिकारी, मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून मनातून धास्तावलेले आणि तरीही स्वतःला अंधश्रद्ध म्हणवून घ्यायला तयार नसलेले आईबाप. त्यांना आपल्या भीतीवर विज्ञानाचा शिक्का हवा असतो, आणि भरतीचा दाखला दिला की तो मिळाल्यासारखा वाटतो.

या युक्तिवादाला हसून वाटेला लावणे मला मान्य नाही. त्यातले पहिले वाक्य शंभर टक्के खरे आहे. खऱ्या वाक्यापासून सुरू झालेली चूक जास्त दिवस टिकते, म्हणून तिचा नीट समाचार घ्यायला हवा. तुम्ही भरतीला साक्षीला बोलावले आहे ना, तर तिची साक्ष शेवटपर्यंत ऐकू या.

ज्याचे पोट भरतीवर चालते त्याच्यापासून सुरुवात करू. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरती. या हिशेबात मिनिटांचा काटेकोरपणा नाही, पण होडी कधी लोटायची आणि कालवे काढायला खडपावर कधी उतरायचे एवढे ठरवायला तो पिढ्यानपिढ्या पुरला. आता तिथी म्हणजे काय? सूर्य आणि चंद्र यांच्यातले कोनीय अंतर. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. म्हणजे या ठोकताळ्यात आकाशातले दोनच गोल येतात. गुरू कुठल्या राशीत आहे, शनी वक्री आहे की मार्गी, हे होडी लोटण्यापूर्वी कुणी विचारत नाही. ही माणसे देवभोळी नसतात असे नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय ती हंगाम सुरू करत नाहीत. पण पाणी किती चढणार हे ठरवताना ती फक्त चंद्राकडे आणि सूर्याकडे पाहतात, कारण पाणी त्या दोघांचेच ऐकते.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद ठेवली जात आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके बंदरांना पुरवली जातात आणि त्यांच्या भरवशावर मोठमोठी जहाजे आत-बाहेर होतात. या कोष्टकांमागचे गणित अनेक आवर्तनांची बेरीज करून होते. त्यात चंद्राची रोजची फेरी, सूर्याची रोजची फेरी, चंद्राचे जवळ येणे-दूर जाणे, त्याचे उत्तरेला आणि दक्षिणेला सरकणे हे सगळे येते. शुक्राचे, मंगळाचे, गुरूचे, शनीचे आवर्तन त्यात नाही. ते कुणी विसरले म्हणून गळलेले नाही. ते घेतले तरी कोष्टकातला एकही आकडा बदलत नाही, म्हणून ते नाही.

असे का होते, हा या सगळ्या वादाचा गाभा आहे आणि इथे जरा थांबायला हवे. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो. तरीही सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्मीसुद्धा नसते. ओढ १८० पट आणि भरती निम्म्याहून कमी, हे कोडे ज्याला सुटले त्याचा ग्रहांबद्दलचा गैरसमज तिथेच संपायला हवा. भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे आहे ती थोडी जवळ, म्हणून तिथे ओढ थोडी जास्त. पलीकडची बाजू १२,७०० किलोमीटर लांब, म्हणून तिथे थोडी कमी. या दोन टोकांतल्या तफावतीने समुद्र दोन्ही बाजूंनी फुगतो. सूर्य इतका दूर आहे की त्याच्या दृष्टीने पृथ्वीची अलीकडची आणि पलीकडची बाजू जवळपास सारख्याच अंतरावर आहे. म्हणून त्याची प्रचंड ओढ सगळ्या पृथ्वीला एकत्र फिरवते, तिच्यावरचे पाणी मात्र फारसे हलवत नाही. गणिताच्या भाषेत सांगायचे तर साधी ओढ अंतराच्या वर्गाने घटते आणि भरती आणणारी ओढ अंतराच्या घनाने. अंतर दुप्पट झाले की भरती आठ पटींनी उतरते, दहापट झाले की हजार पटींनी.

आता ग्रहांचे हिशेब करू. वस्तुमान आणि अंतर शाळेच्या पुस्तकात आहे, कागद-पेन्सिल पुरे. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे ४ कोटी किलोमीटरवर येतो तेव्हा त्याची भरती आणण्याची ताकद चंद्राच्या एकोणीस हजाराव्या भागाइतकी असते. सगळ्या ग्रहांत हीच सर्वांत मोठी. गुरू वजनाने पृथ्वीच्या ३१८ पट, पण तो सर्वांत जवळ असतानाही त्याचा प्रभाव चंद्राच्या दीड लाखाव्या भागाच्या आसपास. मंगळ २००३ साली ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, हजारो वर्षांतले त्याचे सर्वांत जवळचे अंतर. तेव्हाही चंद्राचा सुमारे साडेतीन लाखावा भाग. शनी चंद्राचा चाळीस लाखावा भाग. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी पाच मीटरच्या जवळ चढते. शुक्र अगदी जवळ आलेला असताना त्यात त्याचा वाटा पाव मिलिमीटरही भरत नाही. सगळे ग्रह एका बाजूला आणून उभे केले तरी या आकड्यात फारशी भर पडत नाही, कारण शुक्राच्या पुढे बाकीच्यांची बेरीज थोडकीच आहे.

हे आकडे पाहून कुणी म्हणेल, थोडा का होईना, परिणाम आहे ना? आहे. पण मग त्याच आकड्यांचा क्रमही मान्य करावा लागेल. आणि तिथे तुमची पत्रिका तुमच्याच युक्तिवादाच्या विरोधात उभी राहते.

लोक सर्वांत जास्त कुणाला भितात? शनीला. साडेसाती का, तर शनी एका राशीत अडीच वर्षे राहतो, मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशींत मिळून साडेसात वर्षे. तो अडीच वर्षे का राहतो? कारण त्याची सूर्याभोवतीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची आहे. आणि फेरी इतकी लांबते कारण तो सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊ पट अंतरावर आहे. केप्लरने सतराव्या शतकात दाखवून दिले की ग्रहाच्या फेरीच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाबरोबर चालतो. म्हणजे शनी दूर आहे म्हणून संथ आहे. आणि दूर आहे म्हणूनच त्याची ओढ दुबळी आहे. त्याची साडेसाती इतकी लांब होण्याचे जे कारण, तेच त्याच्या निष्प्रभ असण्याचे कारण. फलज्योतिषात संथ ग्रह भारी मानले जातात. गुरू राशी बदलतो तेव्हा पुरवण्या निघतात, शनी बदलतो तेव्हा देवळांबाहेर रांगा लागतात. भरतीच्या हिशेबात मात्र शनी शुक्राच्या दोनशेव्या भागाइतकाही नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. शनीची भीती बाळगायची असेल तर भरतीचा दाखला सोडा. भरतीचा दाखला द्यायचा असेल तर शनीची भीती सोडा.

आणखी एक गोष्ट पत्रिकेत पाहा, किंवा खरे तर शोधा. अंतर. मंगळ कधी पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, कधी सूर्यापलीकडे चाळीस कोटींवर. घनाच्या नियमाने या दोन प्रसंगांतल्या त्याच्या ताकदीत साडेतीनशे पटींहून अधिक फरक पडतो. ज्या मुलीला मंगळ आहे म्हणून स्थळे नाकारली जातात, तिच्या जन्माच्या वेळी तो मंगळ किती लांब होता हे कुंडलीत कुठेही लिहिलेले नसते. बारा घरांच्या त्या चौकोनात दिशा आहे, अंतर नाही. गुरुत्वाकर्षणावर उभ्या असलेल्या शास्त्रात सर्वांत महत्त्वाचा आकडाच नसावा, हे कसे चालेल? यावर जाणकार सांगतात की शास्त्राने वक्री ग्रह बलवान आणि सूर्याजवळचा अस्तंगत ग्रह दुर्बळ मानला आहे. मंगळ, गुरू, शनी यांच्याबाबत हा नियम अंतराशी जुळतो, हे मी मान्य करतो. पण शुक्राला तो लावून पाहा. शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातो तेव्हा तो सर्वांत जवळ असतो, वक्री असतो आणि अस्तंगतही असतो. एकाच वेळी बलवान आणि दुर्बळ. हा नियम डोळ्यांना दिसणाऱ्या तेजावरून आला आहे. प्राचीन निरीक्षकांनी आकाश किती बारकाईने पाहिले होते याचा तो पुरावा आहे, ओढीचा नाही.

दिशा आणि अंतर यांतली ही गल्लत देशाला केवढी महागात पडली, ते १९६२ च्या अष्टग्रहीत दिसले. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीच्या दरम्यान सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठजण मकर राशीत जमले. जगबुडी होणार, प्रलय होणार अशी हवा देशभर पसरली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, तूप आणि धान्य अग्नीत गेले, अखंड नामसप्ताह बसले. आज सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेल्या अनेकांना ते दिवस आठवतात. पुढे काही घडले नाही हे सगळे सांगतात. पण काही घडणे शक्य का नव्हते, हे फार कमी लोक सांगतात, आणि तेच तर महत्त्वाचे आहे.

कागदावर सूर्य काढा. त्याच्याभोवती पृथ्वीची कक्षा आणि तिच्या बाहेर मंगळ, गुरू, शनी यांच्या कक्षा काढा. आता पृथ्वीवरून पाहताना सूर्य ज्या दिशेला दिसतो त्याच दिशेला गुरू दिसायला हवा असेल, तर गुरू कुठे ठेवाल? सूर्याच्या पलीकडेच ठेवावा लागेल, दुसरी जागा नाही. बाहेरच्या कक्षेतला ग्रह सूर्याबरोबर एका राशीत दिसतो तेव्हा तो पृथ्वीपासून आपल्या सर्वांत लांबच्या टोकाजवळ असतो. ही भूमितीची सक्ती आहे. १९६२ च्या फेब्रुवारीत मंगळ, गुरू आणि शनी तिघेही सूर्याच्या पलीकडे होते. शुक्राला तसे बंधन नसते, तो अलीकडेही असू शकला असता. पण जानेवारीच्या अखेरीसच तो सूर्याच्या मागून गेला होता आणि तेव्हा सुमारे २५ कोटी किलोमीटरवर होता. त्याची भरती आणण्याची ताकद त्याच्या स्वतःच्या कमाल ताकदीच्या दोनशेव्या भागाहूनही कमी झाली होती. अलीकडे होता एकटा बुध, ग्रहांतला सर्वांत लहान. केतू तर बिंदू आहे. म्हणजे ज्या दिवशी ग्रहांची एकवटलेली शक्ती पृथ्वीला फाडणार म्हणून लोक हवन करत होते, त्या दिवशी बहुतेक ग्रह पृथ्वीपासून जवळजवळ जास्तीत जास्त दूर गेलेले होते. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने वर्षातल्या सर्वांत निर्धास्त दिवसांपैकी तो एक होता. सूर्य-चंद्र एका रेषेत आले होते, ग्रहणही झाले. पण ते उधाण दर अमावास्येला येते तसेच.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. १९७४ साली जॉन ग्रिबिन आणि स्टीफन प्लेगमन या विज्ञानाच्या पदवीधरांनी ‘द ज्युपिटर इफेक्ट’ नावाचे पुस्तक लिहून १९८२ मध्ये ग्रह सूर्याच्या एका बाजूला आले की कॅलिफोर्नियात मोठा भूकंप होईल असे भाकीत केले. बेल्जियमचे खगोलगणिती ज्यां मेयस यांनी लगेच दाखवून दिले की ग्रह रेषेत येणारच नाहीत. मार्च १९८२ मध्ये ते सुमारे ९५ अंशांच्या पट्ट्यात विखुरलेले होते. भूकंप झाला नाही. ५ मे २००० च्या युतीचेही तेच झाले, आणि तेव्हाही ग्रह सूर्यापलीकडे होते. अलीकडे दर दोन-तीन वर्षांनी ‘ग्रहांची परेड’ बातम्यांत येते आणि तेच भय नव्या चित्रांसह फिरते. ग्रहांच्या कक्षा जवळपास एकाच प्रतलात असल्याने ते आकाशात नेहमीच एका पट्ट्यात दिसतात. सूर्याच्या आकाशातल्या मार्गाला आपण क्रांतिवृत्त म्हणतो, हा पट्टा त्याच्याच आसपास असतो. त्यात चार-पाच ग्रह एका वेळी रात्री दिसणे ही डोळे भरून पाहावी अशी गोष्ट आहे, भ्यावी अशी नाही.

राहिले शरीरातले पाणी. भरती पाण्यामुळे येते असे या युक्तिवादात गृहीत धरलेले असते. ते खरे नाही. चंद्राच्या ओढीने पृथ्वीचा घट्ट खडकही रोज दोनदा फूटभर वर-खाली होतो. आपल्या पायाखालची जमीन आपल्यासकट हलते म्हणून ते जाणवत नाही. भरतीला पाणी नको, लांबी हवी. अमेरिकेतले सुपीरिअर हे समुद्रासारखे पसरलेले सरोवर, पण त्यातली भरती पाच सेंटिमीटरही नसते. खडकवासल्याच्या जलाशयात ती कुणाच्या नजरेला येत नाही, विहिरीत तर नाहीच. मग साडेपाच फुटांच्या माणसाच्या डोक्यात आणि पायांत चंद्राच्या ओढीचा फरक किती पडणार? आणि जन्माच्या क्षणाचा विचार करायचा तर बाळापासून अर्ध्या मीटरवर उभी असलेली साठ किलो वजनाची सुईण मंगळाहून जास्त जोराने बाळाला ओढते. ही साधी ओढ झाली. भरती आणणारी ओढ घेतली तर सुईण मंगळाच्या दहा हजार कोटी पटींहून पुढे जाते, आणि चंद्राच्याही लाखो पट. ओढीने नशीब ठरत असते तर कुंडलीत सुईणीचे घर पहिले असायला हवे होते.

राहू-केतूंचे तर काय सांगावे! चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी पाच अंशांनी कललेली आहे. ती जिथे क्रांतिवृत्ताला छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. तिथे दगड नाही, धूळ नाही, वस्तुमान शून्य. भरतीच्या गणितात राहू येतो, हे मी आवर्जून सांगतो. हा छेदनबिंदू १८.६ वर्षांत एक फेरी करतो, त्यामुळे चंद्र उत्तरेला आणि दक्षिणेला किती सरकतो ते बदलते आणि भरतीच्या उंचीत थोडा चढउतार होतो. पण ती करामत चंद्राची, राहू फक्त तिचा पत्ता सांगतो. शून्य वस्तुमानाच्या बिंदूंवरून कालसर्प योग काढून घराघरांत भय पेरणाऱ्याने गुरुत्वाकर्षणाचे नावही घेऊ नये.

इथवर आले की शेवटचा बुरूज उभा राहतो: गुरुत्वाकर्षण नसेल, पण विज्ञानाला अजून न सापडलेली एखादी सूक्ष्म शक्ती असेल. असू शकेल. मग भरतीचा दाखला मागे घ्या, आणि शक्ती ठाऊक नसली तरी परिणाम दाखवा. परिणाम तपासता येतो. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह तो तपासला. हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या शंभर जन्मपत्रिका गोळा केल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगितले. ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तर पन्नास आली असती. ग्रहांची सूक्ष्म शक्ती इतकी सूक्ष्म असेल की बुद्धीसारख्या मोठ्या गोष्टीतही तिचा माग लागत नाही, तर तिच्या भरवशावर लग्न मोडण्याचा हक्क कुणाला पोचतो?

पंचांगातली ग्रहणे मिनिटाला बरोबर ठरतात, मग फलित खोटे कसे, असेही विचारले जाते. ग्रहणे बरोबर येतात ती गणितामुळे, आणि त्या गणिताबद्दल मला अपार आदर आहे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ रचून आपले ग्रहगणित आधुनिक वेधांशी जुळवून घेतले, ते महाराष्ट्राने मिरवावे असे काम आहे. त्या गणितात एका ग्रहाची दुसऱ्यावरची बारीकसारीक ओढसुद्धा हिशेबात धरावी लागते. त्याच ओढीच्या जोरावर ल व्हेरिए याने युरेनसच्या चालीतली किंचित चूक पाहून अज्ञात ग्रहाची जागा कागदावर काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. गुरुत्वाकर्षण मोजता येते ते असे. मोजायला बसलेल्या माणसाला न दिसलेला ग्रह सापडतो. तेव्हा त्याच मोजमापात माणसाच्या लग्नाचा, नोकरीचा, आजारपणाचा मागमूस लागत नाही, याचा अर्थ सरळ आहे.

ग्रह पृथ्वीवर परिणाम करतात, आणि तो खरा परिणाम तुमच्या मुलांना जरूर सांगा. गुरू आणि शुक्र यांच्या ओढीने पृथ्वीची कक्षा सुमारे ४ लाख ५ हजार वर्षांच्या चक्रात कधी थोडी लांबोळी, कधी जवळपास गोल होते. त्याबरोबर ऋतूंचा जोर कमी-जास्त होतो आणि त्याच्या खुणा समुद्रतळाच्या गाळात थरांवर थर साचून राहतात. शास्त्रज्ञ त्या थरांवरून कोट्यवधी वर्षांचा काळ मोजतात. त्या चक्राला एक फेरी पुरी करायला माणसाच्या सोळा हजार पिढ्या लागतात, आणि त्या सगळ्या पिढ्यांत मेषेचा माणूस आणि मीनेचा माणूस एकाच कक्षेत, एकाच पृथ्वीवरून सारखाच फिरत असतो.